शाळेत नर्स पुरवणाऱ्या कंपनीचे तिमाही निकाल: ही मागणी टिकणार का?

डेलावेअरकाठ | १२ मे २०२५, रात्री ९:४०

मंडळी, मी न्यू जर्सीत चेरी हिलला राहतो. जवळच पेनसॉकेन गावात आरसीएम टेक्नॉलॉजीज या कंपनीचं मुख्यालय आहे. १९७१ सालची, नॅस्डॅकवर नोंदलेली कंपनी, पण इथल्या मराठी लोकांत फारसं कुणी नाव ऐकलेलं नाही. माणसं पुरवणं हा तिचा धंदा. तीन भाग आहेत: आरोग्य, इंजिनिअरिंग, आणि आयटी व औषध कंपन्यांची कामं. यातल्या आरोग्य भागात प्रामुख्याने शाळांना नर्स, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, मदतनीस अशी माणसं दिली जातात. सर्वात मोठा ग्राहक न्यूयॉर्क शहराचं शिक्षण खातं.

गेल्या आठवड्यात पहिल्या तिमाहीचे निकाल आले. उत्पन्न ८.४५ कोटी डॉलर, गेल्या वर्षी याच तिमाहीत ७.१९ कोटी होतं. म्हणजे साडेसतरा टक्के वाढ. मागची वर्षं बघा:

२०१९: १९.११ कोटी
२०२०: १५.०४ कोटी
२०२१: २०.३९ कोटी
२०२२: २८.४७ कोटी
२०२३: २६.३२ कोटी
२०२४: २७.८४ कोटी

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा खड्डा पडला, शाळा उघडल्यावर उसळी आली. कोविडच्या काळात केंद्र सरकारने शाळांना तीन हप्त्यांत सुमारे १९,००० कोटी डॉलर दिले. ते कामांना लावण्याची शेवटची तारीख होती ३० सप्टेंबर २०२४. ती उलटून सात महिने झाले, तरी या तिमाहीत आकडा वाढला आहे. मला समजून घ्यायचं आहे ते हे, की शाळांची ही मागणी खरोखरची आहे का? की कोविडची सूज अजून उतरायची आहे?

थोडे शेअर आहेत माझ्याकडे, ते लपवत नाही. पण विचारण्याचं खरं कारण माझी बायको. ती शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे, आणि दर वर्षी जूनमध्ये घरात एकच विषय असतो: सप्टेंबरात कोण परत येणार आणि कोण नाही.

गुंतवणूकवेडा | १२ मे २०२५, रात्री १०:१५

छान धागा. एक गोष्ट आधीच सांगतो, एका तिमाहीवर जाऊ नका. २०२४ च्या चार तिमाही एका ओळीत मांडा: ७.१९, ६.९२, ६.०४, ७.६९. तिसरी दर वर्षी खाली येते. जुलै-ऑगस्टला शाळा नाहीत, तर नर्स कुठून लागणार? तुलना करायची ती मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी.

दुसरं, एकाच ग्राहकावर इतका भार असणं मला झेपत नाही. शहराने उद्या ठरवलं की नर्स स्वतःच नेमू, तर?

खारेदाणे | १२ मे २०२५, रात्री १०:३२

म्हणजे हा आलेख बघून मुलांना सुट्टी कधी लागते ते सांगता येईल! आमच्या आजोळच्या आंब्यांचा आलेख बरोबर याच्या उलटा जायचा.

रात्रपाळी | १३ मे २०२५, पहाटे ५:५०

हा धागा माझ्यासाठीच निघाला असं वाटलं. मी मूळची मिरजेची, नर्सिंग तिकडेच झालं. इथे बारा वर्षं रुग्णालयात रात्रपाळी केली आणि गेली तीन वर्षं न्यूयॉर्क शहरात, ब्रॉंक्समधल्या एका शाळेत आहे, एका एजन्सीमार्फत. (एजन्सी कुठली ते लिहीत नाही, आणि धाग्यातली ती समजूही नका.)

मागणी खरी आहे का, याचं उत्तर माझ्या खोलीत येऊन बघा. सकाळी साडेसात ते नऊ दम्याची मुलं. ब्रॉंक्सच्या त्या भागाला लोक ‘दम्याची गल्ली’च म्हणतात, इतके ट्रक तिथून जातात. अकरा ते एक मधुमेहाची मुलं, जेवणाआधी बोटातून रक्त तपासायचं, ताटात काय आहे ते बघून इन्सुलिनचा हिशेब करायचा. प्रत्येक औषधासाठी डॉक्टरांनी सही केलेला फॉर्म लागतो, तो नसेल तर साधी गोळीही देता येत नाही. मध्ये पडलेली, फुटलेली, पोटात दुखणारी, आणि गणिताच्या तासाला हमखास डोकं दुखणारी. त्या शेवटच्यांना मी पाणी देते, पाच मिनिटं बसवते, घरी काय चाललंय ते विचारते. कधी कधी खरं दुखणं तिथेच कळतं.

पहिलं वर्ष मात्र एकाच मुलाबरोबर होते. श्वासनलिकेला भोक पाडून नळी बसवलेला सात वर्षांचा मुलगा. त्याच्या बाकाशेजारी माझी खुर्ची. पिशवीत कफ ओढून काढायचं सक्शन मशीन, हाताने श्वास द्यायचा फुगा आणि दोन सुट्या नळ्या, एक त्याच्या मापाची, एक त्याहून एका मापाने लहान. नळी निघाली आणि तीच परत जाईना, तर लहान घालायची, म्हणून दोन. मी आजारी पडले तर तो शाळेत येऊ शकत नव्हता. वर्षभरात मी दोनच दिवस रजा घेतली. दोन्ही वेळा त्याच्या आईचा फोन आला, तक्रार करायला नाही, माझा ताप विचारायला.

या मुलाची नर्स ‘कोविडची सूज’ नाही हो, काका.

डेलावेअरकाठ | १३ मे २०२५, सकाळी ७:१०

रात्रपाळीताई, शब्द मागे घेतो. असं कुणीतरी लिहावं म्हणूनच विचारलं होतं.

ताळेबंद_तपासनीस | १३ मे २०२५, दुपारी १२:०५

ताईंनी जे लिहिलं त्याच्या मागे कायदा आहे, तो नीट मांडतो, कारण मागणी टिकण्याचं मूळ तिथे आहे.

१९७५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की अपंग मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण मिळालंच पाहिजे. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी आराखडा बनतो, त्याला तिकडे आयईपी म्हणतात. पण त्या आराखड्यात नर्सचा खर्च येतो का, यावर भांडणं झाली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालण्यासारखी सेवा शाळेने द्यायची. मग १९९९ चा मोठा निकाल, आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सचा. चौथ्या वर्षी अपघातात मानेखाली लुळा पडलेला, व्हेंटिलेटरवरचा मुलगा. शाळा म्हणाली, दिवसभर एक नर्स एका मुलासाठी, हे आम्हाला परवडत नाही. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं: डॉक्टरच लागेल असं काम असेल तर शाळेवर जबाबदारी नाही, पण नर्स करू शकते ते शाळेने द्यायचंच, खर्च कितीही असो.

त्यामुळे शाळेचं बजेट कमी झालं तर चित्रकलेचा तास जाईल, ग्रंथपाल जाईल. आराखड्यात लिहिलेली नर्स काढता येत नाही. शाळेकडे स्वतःची नसेल तर बाहेरून आणावी लागते, लगेच, आणि सांगितलेल्या दराला. या धंद्याचा पाया तो आहे.

अडचण पैशाची. १९७५ च्या कायद्यात केंद्राने जादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं ठरलं होतं, पण इतक्या वर्षांत तो पूर्ण वाटा एकदाही दिला गेला नाही. बोजा राज्यावर आणि स्थानिक घरपट्टीवर.

पेठेतला_वाचक | १३ मे २०२५, दुपारी १:२०

सगळं वाचलं, माहिती उत्तम. तरी मला एक खटकतं ते स्पष्ट लिहितो. मूल आजारी, शाळेला कायद्याने नर्स देणं भाग, आणि मधल्या कंपनीच्या नफ्यावर आपण इथे चर्चा करतोय. शहराने सरळ नर्स नेमावी, पेन्शन द्यावी. मध्ये तिसरा कशाला?

शिकागोचं उदाहरण घ्या. तिथल्या शाळांनी २०१५ मध्ये नर्सचं काम याच आरसीएमला दिलं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरात शिक्षक संपावर गेले, शाळेचे अकरा दिवस संप चालला, आणि मागण्यांत पगाराइतकीच मोठी मागणी होती प्रत्येक शाळेत नर्स आणि समाजसेविका. ती त्यांनी टप्प्याटप्प्याने करारात मिळवली. पगारवाढीसाठी संप सगळीकडे होतात. शिक्षकांनी नर्ससाठी संप करावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

गुंतवणूकवेडा | १३ मे २०२५, दुपारी २:००

पेठेतले, नफा म्हणजे काही लूट नव्हे. २०२४ मध्ये २७.८४ कोटींवर निव्वळ नफा १.३३ कोटी, पाच टक्केसुद्धा नाही. ढोबळ नफा, म्हणजे बिलातून माणसाचा थेट खर्च वजा केला की उरतो तो, शंभराला साधारण २८-२९. त्यातून भरती, पार्श्वभूमी तपासणी, परवान्यांची नोंद, विमा, कार्यालय, बँकेचं व्याज. आणि हा आकडा सगळ्या कंपनीचा मिळून आहे, इंजिनिअर धरून.

रात्रपाळी | १३ मे २०२५, संध्याकाळी ६:३०

नर्सच्या बाजूने सांगते. उरलेले ७१-७२ आमच्या हातात येतात असं नाही. मालकाचा ७.६५ टक्के वेतनकर, बेरोजगारी विमा, कामावरच्या दुखापतीचा विमा हे त्यातूनच जातं.

शहराने थेट नेमलेल्या नर्सला युनियन आहे, पेन्शन आहे. आम्हाला तासावर पैसे. बर्फ पडून शाळा बंद, पैसे नाहीत. नाताळचा आठवडा नाही. माझ्या आधीच्या एजन्सीत दोनदा पगार उशिरा झाला, कारण विचारलं तर ‘शाळेकडून आले नाहीत.’ मी सोडून आले.

पण पेठेतले, दुसरी बाजूही आहे. शहरात नेमणूक व्हायला महिनोन्‌महिने लागतात. तो मुलगा सप्टेंबरात शाळेत आला तेव्हा एजन्सीने नऊ दिवसांत मला तिथे बसवलं. एजन्सी नसती तर त्याचं पहिलं सत्र घरी गेलं असतं. मला दोन्ही खरं वाटतं.

ताळेबंद_तपासनीस | १३ मे २०२५, संध्याकाळी ७:४५

‘शाळेकडून आले नाहीत’ हे फार महत्त्वाचं वाक्य आहे. अशा कंपन्यांत विक्रीपेक्षा आधी येणी, म्हणजे ग्राहकाकडून यायचे राहिलेले पैसे, बघावी. नर्सला दर आठवड्याला पैसे द्यायचे आणि सरकारी खात्याकडून बिल महिन्या-महिन्यांनी यायचं. मधली दरी कर्जाने भरायची. वाढ जितकी जोरात, तितकी दरी रुंद. म्हणून साडेसतरा टक्के वाढ बघून मी आधी रोख प्रवाहाचं पान उघडतो.

इराची_आई | १४ मे २०२५, रात्री ११:२५

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

माझ्या मुलीला फिट्स येतात. पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात फवारायचं औषध द्यावं लागतं. शाळेत नर्स आहे, त्याची काळजी नाही. प्रश्न बसचा. घर ते शाळा पस्तीस मिनिटं, आणि ड्रायव्हरला हे औषध देण्याची परवानगी नाही. म्हणून आराखड्यात लिहून घेतलंय: बसमध्ये नर्स. ते लिहून घ्यायला चार बैठका लागल्या.

लिहिलेलं असणं आणि माणूस येणं यात फार अंतर आहे. फेब्रुवारीत आमची बसची नर्स सोडून गेली. सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास, मधले पाच तास रिकामे आणि बिनपगारी, कोण टिकेल? मी तिला दोष देत नाही, तिला स्वतःची दोन मुलं आहेत. नऊ दिवस इरा घरी. मी खिडकीशी बसून काम करत होते आणि ती दप्तर पाठीला लावून सोफ्यावर. बस समोरून जायची, थांबायची नाही, कारण यादीत नाव नव्हतं. दहाव्या दिवशी नवीन नर्स आली. इराने तिला बसमध्ये शेजारची जागा दाखवली आणि खाऊच्या डब्यातला अर्धा लाडू दिला.

न्यूयॉर्कमध्येही बसच्या नर्स मिळत नाहीत म्हणून मुलं घरी राहिल्याच्या बातम्या येतात. कंपनीच्या अहवालात ‘मागणी’ हा शब्द येतो ना, तेव्हा मला ते दप्तर दिसतं. मागणी आहे, पण ती भरली गेली का, हे कुठल्या ओळीत वाचायचं?

खारेदाणे | १४ मे २०२५, रात्री ११:५०

ताई, इराला माझ्याकडून एक पूर्ण लाडू.

डेलावेअरकाठ | १५ मे २०२५, सकाळी ६:४०

इराच्या आई, तुमचा शेवटचा प्रश्न बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, कंपनीच्या हिशेबात फक्त भरलेले तास येतात. न भरलेले तास आईच्या हिशेबात.

मॅपल_सिरप | १५ मे २०२५, सकाळी ९:०५

थोडं अवांतर. आम्ही कॅनडातले ओंटारियोवाले या कंपनीला वेगळ्याच कारणाने ओळखतो. इथल्या अणुवीज केंद्रांच्या इंजिनिअरिंगचं काम तिच्याकडे असतं. डार्लिंग्टनच्या अणुभट्ट्यांचं नूतनीकरण २०१६ पासून चालू आहे आणि माझे दोन मित्र या नूतनीकरणाच्या ड्रॉईंगवर बसलेत. सात वर्षांच्या मुलाच्या श्वासनळीपासून अणुभट्टीच्या नळ्यांपर्यंत एकच कंपनी, हे मला आज या धाग्यावर कळलं.

शेवटचा_बाक | १६ मे २०२५, दुपारी ४:१५

मी सोलापूर जिल्ह्यात ३१ वर्षं शिक्षक होतो. आमच्या शाळेत आरोग्यसेवक म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाटातला लाकडी डबा: आयोडीन, कापूस, पट्टी, क्रोसिन. वर्षातून एकदा डॉक्टर यायचे, दात-डोळे बघायचे. फिट आलेल्या पोराच्या नाकाला चप्पल लावणारे मीच थांबवलेत. एका मुलीला पाचवीपर्यंत फळ्यावरचं दिसतच नव्हतं आणि आम्ही तिला ‘ढ’ म्हणत होतो. चष्मा लागला आणि ती सातवीत वर्गात दुसरी आली. तिचं मला आजही वाईट वाटतं, आनंदही होतो.

शाळेत नर्स नेमायची कल्पना अमेरिकेत तरी कधी आली?

रात्रपाळी | १६ मे २०२५, रात्री ८:००

सर, ही आमच्या पेशातली आवडती गोष्ट आहे. १९०२, न्यूयॉर्क. तपासणीला डॉक्टर यायचे आणि डोळे आलेली, खरूज, गजकर्ण, उवा असलेली मुलं घरी पाठवायचे. घरी पाठवलेलं मूल रस्त्यावर खेळायचं, उपचार कुणीच करत नव्हतं. लिलियन वॉल्ड या बाईंनी हेन्री स्ट्रीटवर गरिबांसाठी नर्सचं केंद्र चालवलं होतं. त्यांनी शहराला सांगितलं, माझी एक नर्स महिनाभर घेऊन बघा. ती नर्स लीना रॉजर्स. चार शाळा, सुमारे दहा हजार मुलं. ती शाळेतच मलम लावायची, संध्याकाळी घरी जाऊन आईला शिकवायची. १९०२ च्या सप्टेंबरात १०,५६७ मुलं आजारपणामुळे वर्गाबाहेर काढली होती, १९०३ च्या सप्टेंबरात १,१०१. पहिल्या महिन्याचा अनुभव बघून शहराने लगेच आणखी नर्स नेमल्या होत्या.

शेवटचा_बाक | १६ मे २०२५, रात्री ८:४०

वा! म्हणजे गुण वाढवायचे तर आधी हजेरी वाढवा, आणि हजेरी वाढवायची तर मलम लावा.

पेठेतला_वाचक | १६ मे २०२५, रात्री ९:१०

आणि बघा, तिथेही एका बाहेरच्या संस्थेने माणूस दिला, मग शहराने नेमणूक केली. मला हाच क्रम हवा आहे. बाहेरचा माणूस तात्पुरता, नेमणूक कायमची. इथे तात्पुरतंच कायम झालंय.

गुंतवणूकवेडा | १८ मे २०२५, सकाळी १०:३०

सरकारच्या बाजूने हवा बदलतेय तेही नोंदवतो. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डेच्या शाळेत झालेल्या गोळीबारानंतर शाळांत मानसोपचारासाठी जो निधी मंजूर झाला, त्यातलं सुमारे १०० कोटी डॉलरचं अनुदान केंद्रीय शिक्षण खात्याने गेल्या महिन्याअखेर थांबवत असल्याचं कळवलंय. शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना सांगते, पाचशे मुलांमागे एक हवा. देशाची सरासरी हजाराच्या वर आहे. गरज वाढती आणि पैसा आटता, असा हा काळ आहे.

ताळेबंद_तपासनीस | ९ जुलै २०२५, दुपारी ३:००

धागा वर काढतोय. ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यात, मोठी कपात येतेय. शाळांशी संबंध असा: १९८८ पासून आयईपीतल्या आरोग्यसेवेचं बिल शाळा मेडिकेडला लावू शकतात. शाळांना यातून वर्षाला सुमारे ७५० कोटी डॉलर मिळतात असा शाळा-अधीक्षकांच्या संघटनेचा अंदाज आहे. हे पैसे कमी झाले तरी १९९९ चा निकाल तसाच राहतो. म्हणजे नर्स द्यायचीच, पैसे दुसरीकडून काढायचे. मला भीती वाटते ती ही, की ज्यांचा आराखडा नाही अशा सामान्य मुलांची नर्स आधी जाईल. दम्याचा एखादाच झटका येणारं मूल, डोकं दुखणारं मूल.

रात्रपाळी | ९ जुलै २०२५, रात्री ९:३०

माझ्या खोलीत येणारी निम्म्याहून जास्त मुलं तीच आहेत.

फिरतं_पथक | २४ ऑगस्ट २०२५, रात्री १०:१०

नमस्कार. मी कोकणात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टर आहे, बीएएमएस. हा धागा मला एका मैत्रिणीने पाठवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता आणि भाड्याची गाडी. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर, हे शोधून पुढे पाठवायचं.

तुमच्याकडे एका मुलाशेजारी दिवसभर एक नर्स. आमच्याकडे एका शाळेत वर्षातून एक दिवस चौघं. तुलना होत नाही, मी करतही नाही. पण आमचा तो एक दिवस वाया जात नाही. हृदयाला छिद्र असलेली किती मुलं आमच्या स्टेथोस्कोपने शोधली आणि त्यांची शस्त्रक्रिया मोफत झाली. त्यातला एक मुलगा आता कबड्डी खेळतो.

पण पेठेतले म्हणतात ते ‘तात्पुरतंच कायम’ आमच्याकडे शब्दशः आहे. अकरा महिन्यांचा करार, खंड, परत करार. १९ ऑगस्टपासून राज्यभर आम्ही कंत्राटी आरोग्य कर्मचारी संपावर आहोत. मुख्य मागणी, दहा वर्षं पूर्ण केलेल्यांना सेवेत सामावून घ्या. गाडी उभी आहे आणि माझ्या वहीत या महिन्याच्या शाळांची यादी तशीच आहे. दोन्ही गोष्टींनी झोप लागत नाही.

पेठेतला_वाचक | २५ ऑगस्ट २०२५, सकाळी ८:००

डॉक्टर, तुमच्या संपाला पाठिंबा. महाराष्ट्रात २०२३ च्या सप्टेंबरात बाह्य यंत्रणांमार्फत भरतीचा शासन निर्णय निघाला होता आणि लोकांच्या रोषामुळे ऑक्टोबरात रद्द झाला. म्हणजे लोक बोलले तर फरक पडतो.

शेवटचा_बाक | २५ ऑगस्ट २०२५, दुपारी १२:४५

डॉक्टर, तुमच्यासारखीच एक गाडी आमच्या शाळेत आली होती, त्यातूनच त्या मुलीचा चष्मा निघाला. आपल्याकडेही कायदा अगदीच मुका नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला दहा मुलांमागे एक, पुढे पंधरांमागे एक. समावेशित शिक्षणातले आमचे विशेष शिक्षक मात्र वर्षानुवर्षं कंत्राटीच राहिले. शाळेतल्या नर्सबद्दल असा निकाल आपल्याकडे यावा आणि मी तो वर्तमानपत्रात वाचावा अशी फार इच्छा आहे.

डेलावेअरकाठ | ८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:२०

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आता तीन तिमाही हातात आहेत. यंदा: ८.४५, ७.८२, ७.०३. गेल्या वर्षी: ७.१९, ६.९२, ६.०४. उतार तसाच, सुट्टीचा. पण प्रत्येक पायरी वर सरकली. तिसऱ्या तिमाहीत १६ टक्क्यांची वाढ, तीही कोविडच्या पैशाची मुदत संपून वर्ष झाल्यावर. अर्थात यात इंजिनिअरिंगचाही वाटा आहे, मॅपल_सिरप यांच्या मित्रांचा.

रात्रपाळी | ८ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:००

उन्हाळ्याचा आकडा शून्याकडे का जात नाही तेही सांगते. जास्त गरज असलेल्या मुलांचा आराखडा बारा महिन्यांचा असतो, त्यांची शाळा जुलै-ऑगस्टमध्येही भरते. यंदा मी तेच केलं. वर्गात सहा मुलं, त्यातल्या तिघांना पोटाच्या नळीतून जेवण.

ताळेबंद_तपासनीस | ८ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ५:३०

डेलावेअरकाठ, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: मागणी टिकणार, ती कायद्यात आहे. कंपनीचा वाटा टिकेलच असं मी म्हणणार नाही, तो शहर कधी आणि किती पैसे देतं आणि नर्स किती टिकतात यावर आहे. शेअर ठेवायचा की विकायचा ते तुम्ही ठरवा, मी फक्त येण्यांचं पान वाचायला सांगेन.

डेलावेअरकाठ | ८ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६:१०

वाचलं, ठेवतोय. पण कंपनीच्या पुढच्या बैठकीत भागधारक म्हणून इराच्या आईंचा प्रश्न लेखी पाठवणार आहे: मागितलेल्या तासांपैकी किती तास भरले? इराच्या आई, चालेल ना?

इराची_आई | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

चालेल. त्यात बसचे तास वेगळे विचारा.

पंचगंगा | ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:५५

रात्रपाळीताई, माझी बहीण कोल्हापुरात स्टाफ नर्स आहे. तिला तिकडे थेट शाळेचं काम मिळेल का?

रात्रपाळी | ९ नोव्हेंबर २०२५, दुपारी २:३०

थेट अवघड आहे. आधी एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्यासाठीची परीक्षा, मग राज्याचा परवाना. न्यूयॉर्कसाठी कॉलेजची कागदपत्रं ठरलेल्या संस्थेकडून पडताळून यावी लागतात, कॉलेजकडून ती निघायलाच महिने जातात, म्हणून तेच आधी सुरू करायला सांगा. व्हिसासाठी अर्ज बहुतेक रुग्णालयंच करतात, शाळेचं काम दहा महिन्यांचं असल्यामुळे. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांच्या वर आहे, हे तिला आताच स्पष्ट सांगा. तरी यायचंच असेल तर तिने तिकडे वर्षभर लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करावं. सक्शन आणि नळी बदलणं हाताला बसलं की इकडे शाळेत भीती वाटत नाही. व्यक्तिगत निरोप करा, कागदांची यादी पाठवते.